रक्ताचा पाठ जूनमध्येच घ्या



आठवीच्या विज्ञानात मानवी शरीर आणि इंद्रिय संस्थांचा पाठ आहे. रक्ताभिसरण, रक्ताचे घटक, हृदयाचे ठोके असं सगळं त्यात येतं. पुस्तकाच्या क्रमाने गेलं की हा पाठ यायला दिवाळी तोंडावर येते. माझं म्हणणं एवढंच, की शहापूर-मुरबाडकडच्या शाळांनी हा पाठ उचलून जूनमध्ये आणावा.

का, तर तांबड्या रक्तपेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं असतं. आज मुलाच्या अंगात ज्या पेशी फिरताहेत त्या चार महिन्यांत जवळपास सगळ्या बदलून जातात. नव्या पेशीत हिमोग्लोबिन किती भरेल, हे त्या काळात पोटात किती लोह गेलं आणि किती अंगी लागलं यावर बरंच अवलंबून असतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोजा, बरोबर चार महिने होतात. आणि दिवाळी झाली की आपल्या वाड्या-पाड्यांवरची, विशेषतः कातकरी कुटुंबं, वीटभट्टीवर जायला निघतात. सोबत मुलंही जातात. शाळेतली गोळी, शाळेतला आहार, सगळं तिथे तुटतं. म्हणजे हातात असलेले चार महिने आपण इतर पाठांत घालवतो आणि रक्ताचा पाठ रिकाम्या बाकांना शिकवतो!

आता पाठ कसा शिकवला जातो ते बघा. हृदयाचे ठोके मिनिटाला 72, हे पाठ. वहीत 72 लिहिलं की बरोबर. पण आठवीतल्या मुलाने स्वतःचं मनगट धरून 88 मोजले तर? तेही बरोबरच आहे. 72 ही मोठ्या माणसाची, शांत बसलेली सरासरी आहे. मुलांचे ठोके त्याहून जास्त असतात, आणि धावल्यावर, तापात, घाबरल्यावर आणखी वाढतात. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. मग दहा उठाबशा काढा, पुन्हा मोजा. याला ना प्रयोगशाळा लागते, ना पैसा.

मग त्यांना हिशेब घालू द्या. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात साधारण 70 मिलिलिटर रक्त ढकलतं. 72 ने गुणलं की मिनिटाला पाच लिटर. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन 12 असेल तर लिटरमागे साधारण 160 मिलिलिटर ऑक्सिजन, आणि 8 असेल तर जेमतेम 107. तेवढाच ऑक्सिजन पोचवायचा तर पाच लिटरच्या जागी साडेसात लिटर रक्त फिरवावं लागेल. प्रत्यक्षात पेशी रक्तातून थोडा जास्त ऑक्सिजन ओढून घेतात आणि काही भागवतात, पण उरलेला बोजा हृदयावरच पडतो. म्हणून चढ चढताना धाप लागते, छातीत धडधडतं. ‘पोरगी आळशी आहे’ म्हणण्याआधी हे गणित आठवावं.

पालकहो, हे आईलाही लागू आहे. भातसा, तानसा, वैतरणा या आपल्या शहापूरच्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. लांबून डोक्यावर हंडा आणणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन किती, हे कुणी विचारलंय का? गरोदर नसलेल्या बाईला आणि बारा वर्षांवरच्या मुलीला ते किमान 12 हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया याखाली निघाल्या. पुस्तकातलं ‘सामान्य’ आणि घरातलं ‘नेहमीचं’ यांत इतकं अंतर आहे.

शाळेत गोळ्या येतात. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, दहाच्या पुढे निळी, आठवड्याला एक. निळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. पण मुलं काय करतात, ठाऊक आहे ना? मळमळतं म्हणून गोळी खिशात, तिथून गवतात. शी काळी झाली की घरचे घाबरतात. गोळी जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते, आणि काळ्या रंगाला घाबरायचं कारण नाही, हे आधी सांगितलं तर निम्मी भांडणं मिटतील. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधली जंताची गोळीही चुकवू नका, कारण अंकुशकृमी आतड्यातून रक्तच पितात.

कोऱ्या चहाबद्दल मी जरा हट्टी आहे. भाकरीसोबत चहा घेतला की भाकरीतलं लोह शरीर नीट घेऊ शकत नाही. चहा तासाभराने घ्या. जेवताना लिंबू किंवा आवळा असू द्या. शेवग्याचा पाला, माठ, सुकट, चिंबोरी आपल्याकडे नवीन नाहीत. फक्त पाहुण्यांसमोर त्यांची लाज वाटायला लागलीय.

एक गोष्ट जपून. रक्त कमी म्हणजे प्रत्येक वेळी लोहच कमी, असं नाही. आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. त्यात पेशी 120 ऐवजी दहा-वीस दिवसांतच मरतात. हा आजार असलेल्या मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. तपासणीचा निकाल वर्गात मोठ्याने वाचू नये. पुढे त्या मुलीच्या लग्नापर्यंत तो शब्द चिकटतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला तो पालघरमधून, आणि तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्याची पथकं शाळेत तपासणीला येतात. ती येणार असतील त्याच आठवड्यात हा पाठ ठेवा. बाहेरगावी निघणाऱ्या मुलांना आपण शिक्षण हमी पत्रक देतो, त्यासोबत पालकांच्या हाती एक बंद चिठ्ठीही द्या: हिमोग्लोबिन किती, गोळ्या किती झाल्या, जंताची गोळी कधी दिली. भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात ती दाखवता येते.