पेपर तपासून झाले, पुढे काय?



दुसरीच्या वर्गात मी अंकलेखन घेत होते. ‘पस्तीस’ म्हटलं. एका मुलीनं 53 लिहिलं. ‘बासष्ट’ म्हटलं, तिनं 26 लिहिलं. दहा अंक सांगून झाले. तिचे तीन बरोबर, सात चूक. मी सात फुल्या मारल्या, वर 3/10 लिहिलं आणि पाटी परत दिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार. माझ्या नोंदवहीत तिच्या नावासमोर ‘अंकज्ञान कच्चे’ असा शेरा गेला. तो शेरा वाचून पुढच्या वर्षीच्या बाईंनीही तिच्याबद्दल तेच मत केलं असतं.

एका दुपारी तिला जवळ बसवून विचारलं, “पस्तीस असं का गं लिहिलंस?” ती म्हणाली, “बाई, आधी पाच ऐकू येतात, मग तीस.”

मग मी तिचे बरोबर आलेले अंक पाहिले. बावीस, चव्वेचाळीस आणि सत्तर. दोन अंकांत दोन्ही आकडे सारखेच, आणि तिसऱ्यात सुटे आकडे नाहीतच. म्हणजे पोरगी अंदाजानं लिहीत नव्हती. तिनं एक नियम केला होता आणि तो काटेकोरपणे पाळत होती. जे आधी ऐकू येईल ते आधी लिहायचं. मराठीत एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंत बहुतेक सगळ्या संख्यांत एकक आधी बोलतात आणि लिहिताना मात्र दशक आधी येतो. ‘एकोणपन्नास’ ऐकून 59 लिहिणारी मुलंही याच वाटेवर अडलेली असतात. त्यांना ‘पन्नास’ ऐकू आलेलं असतं. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. त्यात कोणाचं बरोबर होतं ते इथे सांगायचं नाही, पण ती सूचना ज्या अडचणीतून आली ती खरी आहे. माझ्या वर्गात ती रोज माझ्यासमोर बसत होती आणि मी तिला फुल्या मारत होते.

दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन आम्ही दोघी तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी दहापैकी नऊ आले. शिकवायला तीन दिवस पुरले. शिकवायचं काय आहे हे कळायला मला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे मी ‘मूल्यमापन’ करत होते.

हे पत्रक त्या तीन आठवड्यांबद्दल आहे. आमचं म्हणणं एकच आहे. वर्गातली चाचणी मुलाचा भाव ठरवण्यासाठी नसते. उद्या त्याला काय आणि कसं शिकवायचं ते ठरवण्यासाठी ती असते. चाचणीनंतर वर्गातलं शिकवणं तसूभरही बदललं नाही, तर ती चाचणी घेतली काय आणि न घेतली काय, मुलाला सारखंच.

आज महाराष्ट्रातल्या बहुसंख्य शाळांत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. घटक चाचणी होते. बाई किंवा सर रात्री जागून पेपर तपासतात. गुण वहीत चढतात, पोर्टलवर चढतात. पेपर एकदा मुलांना दाखवतात, बेरीज बरोबर आहे का ते मुलं पाहतात, पेपर गोळा होतात आणि कपाटात जातात. दुसऱ्या दिवशी पुढचा धडा सुरू. भागाकार न आलेली मुलं भागाकार न येताच अपूर्णांकात ढकलली जातात, कारण ‘पोर्शन’ पुरा व्हायचा असतो.

कायदा मात्र निराळं सांगतो, आणि तो जुना आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये मुलाची समज आणि ती समज वापरण्याची त्याची क्षमता यांचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितलं आहे. आपल्या राज्यानं 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयानं ते पहिली ते आठवीला लागू केलं. त्याचे दोन भाग केले, आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे शिकता शिकता केलेलं. संकलित म्हणजे सत्राच्या अखेरीला केलेलं. पहिली-दुसरीत शंभरातले सत्तर गुण आकारिकाला दिले. तिसरी-चौथीत साठ, पाचवी-सहावीत पन्नास, सातवी-आठवीत चाळीस. लहान मुलांच्या बाबतीत शेवटच्या पेपरापेक्षा रोजच्या निरीक्षणाला जास्त वजन देणारा हा निर्णय चांगला होता. आजही मी त्याच्या बाजूनं उभी राहीन.

पण आकारिकालाही आपण गुणांच्याच साच्यात बसवलं. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली आणि प्रत्येकाचा रकाना आखला. पन्नास मुलं, आठ विषय, दोन सत्रं. रकाने भरता भरता शिक्षकाच्या हातात पाहायला वेळच उरला नाही. मग बाजारात तयार ‘वर्णनात्मक नोंदीं’ची पुस्तकं आली. पुढे त्यांच्या फाइली व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो.’ ‘उपक्रमात आवडीने भाग घेतो.’ ‘अवांतर वाचन करते.’ ‘प्रगती समाधानकारक.’ एप्रिलमध्ये शाळाशाळांतून ही वाक्यं उतरवण्याचं काम चालतं. ज्या मुलाबद्दल ते वाक्य असतं त्याचा त्या वाक्याशी काडीचा संबंध नसतो.

शिक्षक बांधवांनो, हे मी तुमच्यावर दोषारोप म्हणून लिहीत नाही. मीही अशा नोंदी उतरवल्या आहेत. तपासणीला येणारा अधिकारी रकाना भरला आहे का ते पाहतो. त्या मुलीला पस्तीस लिहिता येतं का, हे वीस वर्षांत मला एकाही अधिकाऱ्यानं विचारलं नाही. जे विचारलं जातं तेच शाळेत होतं.

या सगळ्यावर आता जे औषध पुढे केलं जात आहे ते रोगाहून वाईट आहे. ‘ढकलपास बंद करा, परीक्षा कडक करा, नापास करा.’ 2019 साली केंद्रानं कायद्याचं कलम 16 बदललं. पाचवी आणि आठवीच्या अखेरीला परीक्षा आली आणि गरज पडल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. 2023 मध्ये महाराष्ट्रानंही ती वाट धरली. पालकांपैकी अनेकांना हे पटतं, ते मला माहीत आहे. ‘धाक असल्याशिवाय पोरं अभ्यास करत नाहीत’ हे वाक्य मी शेकडो पालकसभांत ऐकलं आहे.

पण जरा कायद्यातलीच तरतूद बघा. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेला बसवायचं. आपल्याकडे प्राथमिकचा निकाल 1 मेच्या सुमारास लागतो. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं. मूल मामाच्या गावाला असतं, नाहीतर ऊसतोडीवरून नुकतं परतलेलं असतं, नाहीतर वीटभट्टीवर आईबापाबरोबर असतं. ते जादा शिकवणं कधी, कुठे आणि कोण करणार? आणि जे मूल भागाकारात ऑगस्टमध्ये अडलं होतं, त्याला ते मेमध्ये ‘नापास’ म्हणून सांगण्यात कसला कडकपणा आहे? कडक शाळा ती, जी ऑगस्टमध्येच थांबते.

‘असर’ या सर्वेक्षणाचे आकडे दर वेळी वर्तमानपत्रात येतात आणि आपण हळहळतो. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुलं 2018 मध्ये शंभरातली 50.5 होती, 2022 मध्ये 42.8. त्या आकड्यांपेक्षा मला ते ज्या कागदानं काढतात तो कागद मोलाचा वाटतो. एका पानावर अक्षरं, शब्द, एक छोटा परिच्छेद, एक गोष्ट. मुलाला वाचायला सांगायचं आणि ते नेमकं कुठे अडतं ते पाहायचं. पाच मिनिटांचंही काम नाही. शब्दापाशी अडलेल्या मुलांचा एक गट, परिच्छेदापाशी अडलेल्यांचा दुसरा. मग इयत्ता कुठलीही असो, गटाला जे हवं ते शिकवायचं. ‘प्रथम’ या संस्थेनं हे वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे. त्या तपासणीत गुण नसतात, तरी ती संपते तेव्हा शिक्षकाला उद्याचं काम कळलेलं असतं.

मोठमोठ्या अभ्यासांतूनही हेच निघालं आहे. 1998 साली लंडनच्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी जगभरातले सुमारे अडीचशे अभ्यास तपासले. वर्गातल्या मूल्यमापनाचा उपयोग शिकवणं बदलण्यासाठी केला तर मुलांचं शिकणं ठळकपणे वाढतं, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, असं त्यांना दिसलं. त्याआधी 1988 मध्ये इस्रायलच्या रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले होते. एकाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला कामाबद्दलचा शेरा, तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली सुधारली नाहीत. आकडा दिसला की मूल शेरा वाचत नाही. घरी आल्यावर आपणही वाचत नाही. ‘किती पडले?’ एवढंच विचारतो, आणि मग ‘शेजारच्या अमक्याला किती?’

‘एवढ्या मोठ्या वर्गात हे जमणार कसं?’ हा आक्षेप खरा आहे. कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तो सगळीकडे नाही, आणि असला तरी वर्गाबाहेरच्या कामांना जुंपलेला आहे. त्यासाठी भांडायचंच आहे. पण तोवर थांबायचं कारण नाही. आपल्याकडे पाटी आहे. एक प्रश्न फळ्यावर लिहा, 52 वजा 27. सगळ्यांनी पाटीवर लिहून पाट्या वर करायच्या. अर्ध्या मिनिटात दिसतं की अकरा जणांनी 35 लिहिलं आहे. म्हणजे त्यांनी एककात दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. अकरा मुलं, एकच चूक, एकच उपाय. गठ्ठा सोडवून दहा सुट्या करून दाखवायच्या, आणि पुन्हा पाट्या वर. नाहीतर आपण प्रश्न विचारतो, पुढच्या बाकावरचे नेहमीचे तीन हात वर जातात, त्यातला एक बरोबर उत्तर देतो, आणि ‘समजलं ना?’ ‘होऽ’ म्हणून वर्ग पुढे सरकतो. त्या ‘हो’मध्ये ती अकरा मुलंही असतात.

तास संपताना अर्धा कागद द्या आणि आज न समजलेली एक गोष्ट लिहायला सांगा. वह्या तपासताना गुण लिहू नका, चुकीच्या प्रकाराप्रमाणे तीन ढीग करा. उद्याचा तास त्या ढिगांवरून ठरतो. याला निधी लागत नाही, ॲप लागत नाही, प्रशिक्षणाचं सात दिवसांचं शिबिरही लागत नाही. लागते ती एक परवानगी: पोर्शन दोन दिवस मागे राहिला तरी चालेल, ही. ती परवानगी मुख्याध्यापकांनी द्यायची आहे, आणि मुख्याध्यापकांना केंद्रप्रमुखांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी द्यायची आहे.

शासनाकडे आमची मागणी आहे की आकारिक मूल्यमापनातले गुण काढून टाका. प्रत्येक मुलामागे सत्राला दोनच नोंदी मागा, पण त्या शिक्षकाच्या स्वतःच्या शब्दांत. मूल कुठे अडलं, आणि त्यावर काय केलं. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यानं नोंदवही बाजूला ठेवून पाच मुलांना जवळ बोलावून वाचायला सांगावं आणि मग ती नोंद उघडावी. उत्तरपत्रिका कपाटात न ठेवता मुलांना घरी द्याव्यात. त्या त्यांच्याच आहेत.

पालकांनो, तुमच्या हातात याहून जास्त आहे. प्रत्येक अनुदानित आणि सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात शंभरातले पंचाहत्तर सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. बहुतेक गावांत या समितीच्या इतिवृत्तावर घरी बसून सह्या होतात. या महिन्याच्या बैठकीला स्वतः जा. रंगरंगोटी आणि गॅदरिंगच्या विषयांच्या आधी हा विषय लिहून द्या: ‘प्रत्येक घटक चाचणीनंतरचा पुढचा तास त्या चाचणीतल्या चुका शिकवण्यासाठी राखून ठेवावा.’ ठराव मांडा, मंजूर करून घ्या, इतिवृत्तात आला आहे ना ते वाचून मगच सही करा. आणि आज संध्याकाळी मूल शाळेतून आलं की ‘किती पडले?’ ऐवजी ‘कुठे अडलं?’ असं विचारा.