एका गोळीनं जग पेटत नसतं

पहिल्या महायुद्धाचं कारण विचारलं की आपली पोरं परीक्षेतलं उत्तर घडाघडा म्हणतात. २८ जून १९१४, साराजेव्हो, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, गावरिलो प्रिन्सिपची गोळी. पाच मार्कांचा प्रश्न, पाच ओळींचं उत्तर. संपलं युद्ध.

मित्रांनो, हे उत्तर म्हणजे फसवणूक आहे. खेड्यात वस्ती जाळली जाते तेव्हा पंचनाम्यात काय लिहितात? किरकोळ बाचाबाचीवरून प्रकार घडला. जमीन कुणाची होती ते लिहीत नाहीत. मत कुणाला दिलं होतं, वेठ कुणी नाकारली होती, तेही लिहीत नाहीत. ज्या युद्धात कोटीच्या आसपास सैनिक मेले, त्याचा पंचनामाही असाच लिहिलाय. मी त्याच्यावर सही करत नाही.

आधी हा प्रिन्सिप कोण ते बघा. एकोणीस वर्षांचा पोरगा, बोस्नियातल्या गरीब शेतकऱ्याच्या घरातला. तिथं जमीन जमीनदाराची आणि घाम कुळाचा. कुळाला तिकडं 'क्मेत' म्हणत. पिकाचा दहावा हिस्सा सरकारला, उरल्यातला साधारण तिसरा हिस्सा जमीनदाराला, मग राहील ते लेकराबाळांना. ऑस्ट्रियानं १८७८ साली बोस्निया ताब्यात घेतला, १९०८ साली कायमचा गिळला. सुधारणेच्या बाता मारल्या, रस्ते केले, रेल्वे आणली. पण ही पद्धत मोडली नाही. जमीनदार खूश तर राज्य सुखरूप, हा त्यांचा हिशेब. प्रिन्सिपनं कोर्टात सांगितलं की मी शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि खेड्यात काय चालतं ते मला ठाऊक आहे. वय कमी म्हणून फाशी टळली. १९१८ च्या एप्रिलमध्ये तो तुरुंगात क्षयानं मेला. त्यानं केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण त्याचं नाव शिकवता आणि त्याच्या गावाची खंडणी शिकवत नाही, याला काय म्हणायचं?

आता शेजारचा सर्बिया. छोटा देश, परदेशी विकायला मुख्य माल डुकरं. गिऱ्हाईक एकच, ऑस्ट्रिया. सर्बियानं तोफा ऑस्ट्रियाच्या श्कोडा कारखान्याच्या न घेता फ्रान्सच्या श्नायडरच्या घ्यायचं ठरवलं, दुसरीकडं व्यापार जोडायला लागला, तशी १९०६ साली ऑस्ट्रियानं डुकरांना सरहद्द बंद केली. इतिहासात याला 'डुकरांची लढाई' म्हणतात. हसू नका. मोठ्यानं धाकट्याची नाकेबंदी कशी करायची त्याचा हा धडा आहे. गावचं दुकान बंद, गिरणी बंद, पाणी बंद. बहिष्कार म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण सर्बिया वाकला नाही. त्यानं दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या, फ्रान्सचं कर्ज काढलं. वैर मुरलं.

मग बडी धेंडं. १८८४-८५ साली बर्लिनला बसून युरोपच्या सरकारांनी आफ्रिका वाटून घ्यायचे नियम ठरवले. आफ्रिकेचा एकही माणूस त्या टेबलाला नव्हता. जर्मनी या पंगतीला उशिरा आला आणि त्याची भूक मोठी. १९१३ साली जर्मनी सुमारे पावणेदोन कोटी टन पोलाद काढत होता, ब्रिटन पाऊण कोटीच्या आसपास. १८९८ पासून जर्मनीनं आरमार वाढवलं, १९०६ साली ब्रिटननं ड्रेडनॉट पाण्यात सोडली. मोरोक्कोवरून १९०५ आणि १९११ साली फ्रान्स-जर्मनी हातघाईवर आले. फ्रान्सचे सावकार रशियाला कर्ज देत होते आणि सरकार अट घालत होतं की जर्मनीच्या सरहद्दीकडं रेल्वे बांधा, फौज लवकर पोचली पाहिजे. तोफांचा धंदा तर सरहद्द मानतच नव्हता. जर्मनीच्या क्रुपनं तोफगोळ्याच्या फ्यूजचं पेटंट ब्रिटनच्या व्हिकर्सला वापरायला दिलं होतं. जर्मन पोरांवर पडलेल्या ब्रिटिश गोळ्यांचे पैसे युद्ध संपल्यावर क्रुपनं मागितले. तडजोड होऊन काही मिळालेही.

इथं आपले डावे मित्र वही मिटतात. भांडवलदारांची बाजारासाठी मारामारी, बस्स. मी म्हणतो, हे खरं आहे पण अर्धंच. बगदाद रेल्वेवरून ब्रिटन आणि जर्मनीचं वर्षानुवर्षं वाजत होतं, त्याची तडजोड १९१४ च्या जूनमध्ये ठरली होती. जुलैअखेर लंडनच्या सावकारी पेठेत घबराट होती. ३१ जुलैला शेअरबाजार बंद ठेवावा लागला. निव्वळ नफ्याचाच प्रश्न असता तर या मंडळींनी युद्ध थांबवलं असतं. मग रेटा कुणाचा?

प्रशियाकडं बघा. तिथं जमीन युंकर सरदारांची, लष्करातल्या वरच्या जागा बव्हंशी त्यांच्याच पोरांच्या. आणि मतदान? कर भरण्यावरून मतदारांचे तीन वर्ग पाडलेले. मूठभर श्रीमंतांच्या पहिल्या वर्गाला जेवढे प्रतिनिधी, तेवढेच लाखो गरिबांच्या तिसऱ्या वर्गाला. मतही सगळ्यांसमोर तोंडानं सांगायचं, मालक समोर उभा. १९०३ साली समाजवाद्यांना सुमारे ३ लाख १४ हजार मतं पडली, जागा शून्य. सनातनी पक्षाला सुमारे ३ लाख २४ हजार, जागा १४३. आकडे परत वाचा. एक माणूस एक मत, पण एक किंमत नाही.

साऱ्या जर्मनीच्या राइशस्टागला मात्र सगळ्या प्रौढ पुरुषांना गुप्त मत होतं. तिथं १९१२ साली समाजवादी ११० जागा घेऊन सगळ्यांत मोठा पक्ष झाले. गड ढासळायला लागला. युंकरांच्या गोटात बोललं जायला लागलं की एक युद्ध झालं, जिंकलं, की ही पोरं गप बसतील. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानं १९६१ साली स्वतःच्याच सरकारचे कागद काढून युद्धाची मोठी जबाबदारी बर्लिनवर टाकली, तेव्हा देशात केवढा गहजब झाला! दोष एकट्या जर्मनीचा नाही. रशियाचा झार १९०५ चं बंड रक्तात बुडवून बसला होता, १९१४ च्या जुलैत त्याच्या राजधानीत संप पेटले होते. ब्रिटनच्या गळ्यात आयर्लंड अडकलं होतं. माझं म्हणणं एवढंच : बाजारानं दारू भरून ठेवली, आणि वरच्या जागा सुटतील या भीतीनं ती विझवायला कुणी धावलं नाही.

आणि कामगार? युद्ध झालं तर एकजुटीनं रोखू, असं त्यांचे पुढारी १९१२ साली बाझेलला म्हणाले होते. ३१ जुलै १९१४ ला पॅरिसात जाँ जोरेसला गोळी घातली. ४ ऑगस्टला जर्मन समाजवाद्यांनी युद्धकर्जाला हात वर केले. डिसेंबरात कार्ल लीब्क्नेख्त एकटा विरोधात उभा राहिला. 'देश संकटात आहे' म्हटलं की चळवळीची किती माणसं धनीवर्गाच्या मागं जाऊन उभी राहतात, ते इथं मोजून घ्या.

यात आपण कुठं होतो? व्हाइसरॉयनं हिंदुस्थानला न विचारता युद्धात ढकललं. दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार नेली, सुमारे ७४ हजार मेली. १९१७ साली दहा कोटी पौंडांची 'भेट' घेतली, ती रयतेच्या करातून. १९१४ च्या नोव्हेंबरात हिंदी शिपाई बसऱ्याला उतरवले. जवळच अबादानला तेल होतं, आणि त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर ब्रिटिश सरकारनं त्याच वर्षी घेतले होते.

आणि महार? ज्यांच्या बळावर कंपनी सरकार उभं राहिलं त्यांची भरती १८९० च्या दशकात बंद केली, 'लढाऊ जमात' नाही म्हणून. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेला अर्ज धाडला. दाद नाही. १९१७ साली माणसं कमी पडायला लागली तेव्हा एका रात्रीत आपण लढाऊ झालो. १११ महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडून टाकली. मरणाला कमी पडले तेव्हा शिवाशीव नव्हती, पगाराला आणि पेन्शनीला आली.

म्हणून कार्यकर्त्यांनो, उद्या कुणी कुठलंही युद्ध तुमच्यासमोर पवित्र करून मांडलं तर आधी चार गोष्टी विचारा. कर्ज कुणी दिलंय? जमिनीखाली काय आहे? घरात कुणाची मतं वाढायला लागलीत? आणि पहिल्या रांगेत कुणाची पोरं आहेत? उत्तर मिळेपर्यंत जयजयकाराला तोंड उघडू नका. अभ्यासवर्गात हा धडा घ्या, पोरांना पाच ओळींचं उत्तर खोडायला लावा. मार्क गेले तर जाऊ द्या.