सात-बाराचा उतारा आणि पुराव्याचें ओझें

जो हक्क सांगतो त्यानें तो शाबीत करावा, हा न्यायाचा जुना नियम आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतही तो कायम आहे. परंतु शेतजमिनीच्या बाबतींत त्यास दुसऱ्या एका नियमाची जोड मिळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७ प्रमाणें हक्कपत्रकांतील नोंद व प्रमाणित झालेला फेरफार, उलट शाबीत होईपर्यंत किंवा रीतसर नवी नोंद होईपर्यंत, खरा मानावयाचा असतो. म्हणजे ज्याचें नांव उताऱ्यावर लागलें तो स्वस्थ बसतो. ज्याचें गळालें त्यानें पुरावा गोळा करीत हिंडावें.

हें गृहीत मुळींच नसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. प्रत्येक खातेदारास पावलोपावलीं आपली जमीन शाबीत करावी लागली, तर त्यानें शेती केव्हां करावी? मात्र या गृहीताचा पाया नोटिशीवर आहे. फेरफाराची प्रत चावडींत लावावी आणि ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांस लेखी कळवावें, असें कलम १५० सांगतें. कळवूनही जो गप्प राहिला, त्याच्यावर ओझें टाकणें रास्त. ज्यास कळविलेंच नाहीं, त्याच्यावर टाकणें हा अन्याय होय.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. म्हणून हें ऐकीव सांगत नाहीं. वारसाच्या एका फेरफारांत, सासरीं नांदणाऱ्या बहिणीच्या नांवापुढें 'नोटीस पोंचली, हरकत नाहीं' असा शेरा व अंगठा होता. अंगठा कोणाचा, हें कोणीं विचारलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं, नक्कल तेवढी केली. पुढें कांहीं वर्षांनीं ती बाई कचेरींत आली, तेव्हां पुरावा तिच्याकडेच मागण्यांत आला. जें पत्र मिळालेंच नाहीं, तें मिळालें नाहीं हें तिनें कशानें शाबीत करावें?

कोणी म्हणेल, फेरफारानें मालकी मिळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें अनेक निकालांत तसें सांगितलें आहे, आणि दिवाणी कोर्ट उघडें आहे, हें खरें. पण तोंवर पीककर्ज, वहिवाट व खरेदी-विक्री उताऱ्यावरच चालतात.

तेव्हां आमचें मत असें कीं, नोटीस पोंचल्याचा वाद निघाल्यास ती पोंचल्याचें आधीं नोंदीचा लाभ घेणाऱ्यानें दाखवावें. मगच गृहीतानें आपलें काम करावें. वाचकांनीं दरसाल उतारा पाहावा, हरकत लेखी द्यावी व तिची पोंच जपावी. आणि आपल्या घरच्या फेरफारावर बहिणीचा अंगठा असेल, तर तो खरोखर तिचाच आहे ना, हेंही एकदां स्वतःस विचारावें.