पहारा नेमला, पण दार उघडेच!

लोकशाहीवर घाला घालणारा प्रत्येक वेळी राज्यघटना फाडूनच येतो, असे नाही. कधी तो घटनेतलेच कलम हाती घेऊन येतो. २५ जून १९७५ च्या रात्री हेच घडले. कलम ३५२ मधील ‘अंतर्गत अशांतता’ या दोन शब्दांच्या बळावर आणीबाणी पुकारली गेली. मंत्रिमंडळाची संमती घेतली गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीनंतर!

मुंबईने तेव्हा काय पाहिले? ऑक्टोबर १९७५ मध्ये काँग्रेस हाऊसच्या आवारातील जिना हॉलमध्ये वकिलांची खासगी परिषद भरणार होती. विषय होता नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य. अध्यक्ष एम. सी. छागला, उद्घाटक माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. कायद्याविषयी चार भिंतींच्या आत बोलण्यास कायदेपंडितांनाच मज्जाव! न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने ही बंदी मोडीत काढली. मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांसाठी न्यायालयाचे दारच बंद केले. विरोधात उभे राहिले एकटे न्या. हंसराज खन्ना, त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून मोजली.

या अनुभवातून १९७८ ची ४४वी घटनादुरुस्ती जन्मली. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक झाला, जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित राहिला.

पण याच दुरुस्ती कायद्याचे तिसरे कलम आजही लागू झालेले नाही! चौकशीविना स्थानबद्धतेची मुदत तीनऐवजी दोन महिने करावी आणि सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, विद्यमान न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली नेमावे, असे ते सांगते. संसदेने ते संमत केले. उणीव आहे ती केवळ सरकारी अधिसूचनेची. सरकारला तशी सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये सांगितले. त्यानंतर जनता दल, काँग्रेस, भारतीय जनता पक्ष, सर्वांची सरकारे आली. अधिसूचना मात्र आली नाही.

राष्ट्राच्या सुरक्षेचे काय, असे कोणी विचारील. हे कलम स्थानबद्धता रद्द करीत नाही. तिच्यावर स्वतंत्र न्यायाधीशाची नजर ठेवते. निरपराध्याला कोंडून राष्ट्र सुरक्षित होते काय?

जुलै २०२४ मध्ये केंद्राने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून घोषित केला. स्मरण योग्यच आहे. परंतु मिसाखाली कारावास भोगलेली गिरगाव-दादर-लालबागेतील पिढी आता वार्धक्यात आहे. तिला हारतुरे देण्यापेक्षा ती अधिसूचना काढणे हाच खरा सन्मान होय. दादरच्या राजगृहाचे रहिवासी डॉ. आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते, की राबविणारे वाईट निघाले तर उत्तम घटनाही वाईट ठरते. अमेरिकेच्या संसदभवनावर ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव चालून गेला, तेव्हा सव्वादोनशे वर्षांच्या घटनेलाही हाच धडा मिळाला. सत्ता कोणाच्या हाती आहे हे पाहून पहारा सैल करणारे लोक स्वातंत्र्य टिकवू शकत नाहीत!