अहिंसेचे हात

आज महावीर जयंती. शोभायात्रा निघतील, पाणपोया लागतील, रक्तदान होईल, पांजरपोळात चारा जाईल. यात कमी लेखण्यासारखे काही नाही. तरी आज आठवण काढावीशी वाटते ती पुणे जिल्ह्यातल्या चासकमान गावच्या शकुंतला नावाच्या मुलीची. कोवळ्या वयात दीक्षा घेऊन ती साध्वी चंदना झाली.

जैन साधुचर्या कडक. अनवाणी पदविहार, वाहन वर्ज्य. कारण व्याप वाढला की सूक्ष्म जीवांची हिंसाही वाढते. दवाखाना म्हणजे तर आरंभ-समारंभाचा, म्हणजे हिंसा घडवणाऱ्या व्यापांचा, डोंगरच. तिथे पाणी उकळावे लागते, जंतू मारावेच लागतात. म्हणून साधूंनी उपदेश करावा आणि सेवेचा व्याप श्रावकांनी सांभाळावा, अशी वाटणी चालत आली. चंदनाजींना ती मान्य झाली नाही. उपाध्याय अमरमुनींच्या प्रेरणेने त्यांनी १९७३ मध्ये बिहारमधल्या राजगीरला वीरायतन उभारले. महावीरांनी जिथे अनेक चातुर्मास केले, त्या भूमीवर नेत्ररुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदूने आंधळे झालेले गोरगरीब तिथे येऊ लागले. त्यांतले बहुतेक जैन नव्हते. पुष्कळांच्या घरी मासे शिजत असणार. त्याची चौकशी कोणी करायची नसते, हीच अनुकंपा.

साधूंनी असा व्याप अंगावर घेऊ नये, हा परंपरेचा आक्षेप पोकळ नव्हता. आज साधू गाडीत बसला, तर उद्या ताफा ठेवील, ही भीती खोटी म्हणता येत नाही. इतर पंथांतले ताफे आपण पाहतोच. पण हिंसा टाळत बसलेल्या माणसाचे व्रत शाबूत राहते आणि दाराबाहेरचा आंधळा आंधळाच राहतो, या पेचाला त्या आक्षेपात उत्तर नाही. चंदनाजींनी दोष पत्करला आणि काम केले. १९८७ मध्ये त्यांना आचार्यपद मिळाले. जैन परंपरेत साध्वीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. २००१ च्या भूकंपानंतर वीरायतनने कच्छमध्ये शाळा काढल्या.

भूकंपावरून किल्लारी आठवते. १९९३ च्या त्या आपत्तीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली. चादरी वाटून आठवड्यात परतता येते. मुलांचे तसे नसते. त्यांची आजारपणे, परीक्षा, रुसवेफुगवे वर्षानुवर्षे अंगावर घ्यावे लागतात.

यंदाच्या जयंतीचा हिशेब मांडताना विश्वस्तांनी एका पानावर रथ, बँड आणि मंडपाचा खर्च लिहावा. शेजारी, गावच्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेचा वर्षभराचा पगारही लिहून पाहावा.