बहावा विकत कशाला, शेंग उचला!

दर पावसाळ्यात तोच खेळ: खड्डा, रोप, फोटो. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा नवं रोप! मंडळी, त्यापेक्षा बहाव्याची पिकून काळी पडलेली शेंग घरी आणा. बी भलतंच टणक, नुसतं पेरलं तर महिनोन्महिने उगवत नाही. म्हणून टोक सोडून एका कडेला पॉलिश पेपरवर घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलं की दुधाच्या पिशवीला खाली भोकं पाडून, मातीत अर्धा इंच खोल लावा. शेंगेतला गर रेचक असतो, पोरांना चाखू देऊ नका.

फुलं यायला काही वर्षं जातील. जाऊ देत. स्वतः रुजवलेल्या रोपाला मे महिन्यात पाणी घालायला माणूस विसरत नाही. खड्ड्यातलं रोप मरतं, कारण त्याला कुणी आपलं म्हणत नाही.