नाकापेक्षा मोती जड

वेगवान मोटार घेणाऱ्या तरुण ग्राहकाचे लक्ष वर्षभरातच तिच्या चाकांकडे वळते. कंपनीने दिलेली चाके त्यास किरकोळ वाटू लागतात आणि दुकानात मांडलेली १७ वा १८ इंची चकचकीत अ‍ॅलॉय चाके खुणावू लागतात. हौसेला मोल नसते, असे म्हटले जाते. या हौसेस मात्र मोल आहे, आणि ते केवळ रुपयांत मोजून भागत नाही. धावत्या मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो साधारण तळहाताएवढ्या चार जागांपुरता. इंजिनाची शक्ती असो वा ब्रेकची, ती तेवढ्याच जागेतून रस्त्यावर उतरते. म्हणून चाकांची निवड ही शोभेची नव्हे, सुरक्षिततेची बाब होय.

२०२१ मध्ये भारतात आलेल्या ह्युंदाई आय२० एन लाइनचे उदाहरण घेता येईल. तिच्या टायरचे माप १९५/५५ आर १६. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २०५/४५ आर १७ बसविल्यास व्यास सुमारे ६१६ मिलिमीटर होतो. फरक एका टक्क्याहूनही कमी असल्याने वेगदर्शक काट्यावर विशेष परिणाम होत नाही, आणि येथेच ग्राहक निर्धास्त होतो. परंतु भिंतीची उंची १०७ मिलिमीटरवरून ९२ वर येते. रस्त्यावरील खड्ड्याचा धक्का सोसते ती हीच भिंत. ती जितकी बुटकी, तितका रिम वाकण्याचा वा टायरला फुगा येण्याचा धोका अधिक.

दुसरी बाब भारांकाची. मूळ मापाच्या टायरवर सामान्यतः ८७ हा अंक असतो. त्याचा अर्थ एका टायरची भारक्षमता ५४५ किलो. २०५/४५ आर १७ या मापाचा साधा टायर ८४ भारांकाचा, म्हणजे ५०० किलोचा मिळतो. चार टायर मिळून १८० किलोंची क्षमता घटली, हे बाहेरून पाहणाऱ्यास कळतही नाही. याच मापात अधिक भार पेलणारा, ८८ भारांकाचा टायर उपलब्ध असतो. तो मागून घ्यावा लागतो आणि त्यातील हवेचा दाबही त्यानुसार ठेवावा लागतो.

रिमचेही तसेच आहे. बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट या गोष्टी जुळल्याच पाहिजेत. छिद्र हबपेक्षा मोठे असल्यास योग्य कडी न बसविता चाक लावले की वेगात कंप जाणवतो. ऑफसेट चुकल्यास पूर्ण भार असताना वा वळणावर टायर घासू शकतो. शिवाय मोठे चाक बहुधा जड असते. ते वजन स्प्रिंगांच्या खाली असल्याने खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीस धरून राहणे अवघड होते. ज्या चपळतेसाठी मोटार घेतली, तीच अशा वेळी उणावते.

आजकाल कित्येक मोटारी कारखान्यातूनच १७-१८ इंची चाकांसह येतात, मग बाहेरून बसविण्यास हरकत काय, असा प्रश्न केला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु कारखान्यात चाक, स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्टिअरिंग यांची चाचणी एकत्रितपणे होते. दुकानात फक्त चाक बदलते. बाकी सारे पूर्वीचेच राहते.

आर्थिक बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. वाहन विम्याच्या सर्वसाधारण अटींनुसार मोटारीस अन्य इजा न होता केवळ टायरचे नुकसान झाल्यास भरपाई मिळत नाही. अन्य इजा झाली असली तरी टायरची भरपाई निम्म्या किमतीपुरती मर्यादित असते. टायरसाठीचे पूरक संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. नवी चाके बसविल्यास विमा कंपनीस तसे लेखी कळविणे आणि मूळ चाके जपून ठेवणे हिताचे. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेतलेले रिम पहिल्याच पावसाळ्यात वाकले, तर हप्ते मात्र सरळच चालू राहतात.

यास्तव, रोज कार्यालयास जाणाऱ्या आणि सुटीत कुटुंबास गावी नेणाऱ्या मोटारीस मूळ रिमच राहू द्यावे व चार रिमांचे पैसे चार उत्तम टायरांवर खर्चावेत, हा व्यवहार अधिक शहाणपणाचा ठरतो. ओल्या रस्त्यावर पकड देणारा, मूळ मापाचा, मूळ भारांक व वेगचिन्हाहून कमी नसलेला टायर निवडावा. त्याच्या भिंतीवरील चार अंकी तारीख वाचावी. ३२२५ म्हणजे २०२५ च्या ३२ व्या आठवड्यातील उत्पादन. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा असली, तरी पावसाळी प्रदेशात ३ मिलिमीटरलाच टायर बदलणे इष्ट. हौस अनावरच असेल, तर एका इंचाची वाढ ही मर्यादा मानावी.

चकचकीत चाकांचे कौतुक सिग्नलपाशी क्षणभर होते. भर पावसात समोरचा ट्रक अचानक थांबतो तेव्हा मात्र उपयोगी पडते ती टायरची पकडच. मोती अवश्य ल्यावा. पण नाकास पेलेल असा.